समुद्राकडे जाणारी वाट

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांना समुद्र नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. ज्या ठाणे जिल्ह्यात आपण राहतो त्यालाही तो आता फारसा उरलेला नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई, केळवे, डहाणू ही सारी किनारपट्टी त्याच्या वाट्याला गेली. आपल्याकडे उत्तन-भाईंदरचा तुकडा आणि ठाण्याची खाडी तेवढी राहिली. तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला आणि आम्ही ‘समुद्रकाठची चैनीची हॉटेले, तिथला किनारा आणि तिथले पोहणे’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी आमच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिले. कामगार संघटनेच्या माणसाने बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी कामगार यांवर बोलावे अशी अपेक्षा असते, आणि ती काही चुकीची नाही.

तथापि समुद्राशी आपला संबंध नाही असे म्हणता यावयाचे नाही. भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला मिळते आणि उल्हास कल्याणवरून खाडीत शिरते. आपल्या डोंगरांवर पडलेला पाऊस शेवटी तिकडेच जातो. आठवड्याच्या बाजारात सुकट आणि सुके बोंबील येतात ते तिकडूनच. शिवाय गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक गोष्ट नव्याने घडली आहे. पूर्वी आपल्याकडची माणसे देवदर्शनाला जात, लग्नाला जात किंवा म्हशाच्या जत्रेला जात. नुसते हिंडावयास म्हणून कोणी जात नसे. आता मे महिन्यात किंवा दिवाळीत चार घरे मिळून गाडी करतात आणि अलिबाग, काशीद, गणपतीपुळे, क्वचित गोवाही गाठतात. समुद्र ज्याने लहानपणी पाहिला नाही तो मनुष्य चाळिसाव्या वर्षी मुलाचा हात धरून पाण्यात उतरतो. आणि तेथे त्याला प्रथमच एक पाटी दिसते : ‘खाजगी किनारा. फक्त हॉटेलच्या पाहुण्यांसाठी.’ ही पाटी वाचून तो काय करतो? बहुधा मुकाट्याने मागे फिरतो. त्या पाटीत खरे किती आणि दटावणी किती, हे सांगण्याचा आमचा आजचा हेतू आहे.

प्रथम हॉटेल नेमके काय विकते ते पाहू. एका रात्रीला जेथे कामगाराच्या महिन्याच्या पगाराइतके भाडे पडते अशा ठिकाणी खोली विकली जाते, जेवण विकले जाते, नोकरांची अदब विकली जाते आणि खिडकीतून दिसणारा देखावा विकला जातो. या चारांपैकी पहिल्या तिन्हींवर हॉटेलवाल्याने पैसा घातलेला असतो. चौथ्यावर त्याने काहीही घातलेले नाही. समुद्र त्याने आणला नाही, वाळू त्याने पसरली नाही, सूर्यास्तही त्याच्या खर्चाने होत नाही. पण भाड्याचा मोठा हिस्सा याच चौथ्या गोष्टीचा असतो. समुद्राकडे तोंड असलेली खोली आणि मागच्या रस्त्याकडे तोंड असलेली खोली यांच्या दरांतील फरक विचारून पाहावा, म्हणजे आमचे म्हणणे पटेल.

आता कायदा. आम्ही शाळा फार शिकलेलो नाही. कायद्याची जी काही पुस्तके वाचली ती युनियनच्या कचेरीत, गरज पडली तेव्हा. त्यामुळे वकिली भाषा सोडून सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० मध्ये असे म्हटले आहे की, सार्वजनिक रस्ते, नद्या, नाले आणि उच्च भरतीच्या खुणेखालील समुद्राचा व खाड्यांचा तळ हे सर्व, ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध झालेला नाही असे, राज्य शासनाचे आहे. म्हणजे भरतीचे पाणी जेथवर चढते तेथवरची वाळू कोणाही हॉटेलवाल्याच्या सातबाऱ्यावर येऊ शकत नाही. ओली वाळू ही सरकारी, अर्थात सार्वजनिक. ती ओळखावयास मोजणीदार लागत नाही. शेवळाचे, शिंपल्यांचे, काटक्यांचे जे एक वेडेवाकडे काळसर काठ वाळूवर उमटलेले असते, ती मागच्या भरतीची खूण. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी याहूनही वर जाते, आणि सरकारी नियमांतील भरतीरेषा ही त्या उधाणाचीच धरतात.

या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूचे मात्र तसे नाही. ती कोठे सरकारी, कोठे गावठाणाची, कोठे खाजगी मालकीची असते. मेख आहे ती येथेच. ओली वाळू सर्वांची. पण तिच्यापर्यंत जावयाची वाट जर कोणाच्या कुंपणातून जात असेल, तर त्या सर्वांच्या वाळूवर व्यवहारात एकट्या कुंपणवाल्याचीच सत्ता चालते. एखाद्या गावाची विहीर सार्वजनिक ठेवावी आणि विहिरीभोवतालचे शेत सावकाराला विकून टाकावे, असा हा प्रकार आहे.

हे सरकारला कळत नव्हते असे नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, भरतीरेषेपासून निदान ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मोकळा ठेवावा असे कळविले होते. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. इंग्रजी अक्षरांवरून लोक तिला ‘सीआरझेड’ म्हणतात. तिच्या जोडपत्रात किनाऱ्यावरील हॉटेलांसाठी ज्या अटी होत्या त्या वाचण्यासारख्या आहेत. वाळूचे डोंगर सपाट करू नयेत. खेळासाठी कायमचे बांधकाम करू नये, फार तर गोलाचे खांब, जाळ्याचे खांब आणि दिव्याचे खांब उभारावेत. कुंपण घातले तरी त्याने लोकांची किनाऱ्यावर जाण्याची वाट अडता कामा नये. आणि आपल्या विषयाची अट अशी की, कोणत्याही दोन हॉटेलांमध्ये किनाऱ्याकडे जाण्यासाठी निदान २० मीटर रुंदीची मोकळी जागा असावी. वीस मीटर म्हणजे एसटीच्या दोन गाड्या एकीपुढे एक उभ्या केल्या तर जवळजवळ तेवढी लांबी. पायवाट नव्हे, चांगला रस्ता झाला.

याच अटीत पुढे एक वाक्य आहे, ते वाचून आम्ही बराच वेळ थबकलो होतो. अशा वाटा एकमेकींपासून ५०० मीटरपेक्षा कमी अंतरावर असू नयेत, असे ते आहे! सामान्य माणसाला वाटेल की दर ५०० मीटरांच्या आत एक तरी वाट असावी असे लिहावयाचे असेल. पण लिहिले आहे ते उलटे. करारनाम्यातल्या एकेका शब्दावर मालकाशी रात्र रात्र भांडलेल्या माणसाला अशा वाक्याचे मोल कळते. पुढे २०११ साली आणि पुन्हा जानेवारी २०१९ मध्ये ही अधिसूचना नव्याने निघाली. दर खेपेस बांधकामावरची बंधने कोठे ना कोठे सैल झाली. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर जेथे पूर्वी २०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई होती, तेथे २०१९ नंतर ती ५० मीटरवर आणण्याची सोय झाली.

नियम हा असा. आता व्यवहार काय असतो याचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या सभासदांची सहल रायगडच्या किनाऱ्यावर गेली होती. बायका-मुले धरून साठएक माणसे. सकाळी गावच्या बाजूने पाण्यात खेळून झाल्यावर मंडळी वाळूवरून चालत निघाली, तो पुढे एक नायलॉनचा दोर आडवा. खुंट्या ठोकून, रंगीत निशाणे बांधून तो थेट पाण्यात नेलेला. पलीकडे छत्र्या आणि आरामखुर्च्या. दोराशी निळ्या गणवेशातला एक पोरगेला रखवालदार उभा होता. तो म्हणाला, “दादा, इथनं पुढं जायचं नाय. हा हॉटेलचा बीच आहे.” आमच्यातल्या एका भगिनीने, जिचा नवरा यंत्रावर काम करतो, त्याला विचारले, “भाऊ, पाणी चढल्यावर हा दोर कुठं जातो?” तो प्रामाणिक होता. म्हणाला, “संध्याकाळी आम्ही काढून ठेवतो, नायतर वाहून जातो.”

म्हणजे तो दोर भरतीरेषेच्या पुष्कळ खाली होता, आणि हे त्याच्याच तोंडून आले. आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही. त्याला घालून काय उपयोग? बोलता बोलता कळले की तो बारा तास उभा असतो, कंत्राटदाराकडून पगार घेतो, आणि त्याचे गाव तिथून दोन कोसांवर आहे. ज्या वाळूवर त्याचा आजा जाळी वाळत घालीत असे त्याच वाळूवरून त्याने गाववाल्यांना हाकलावयाचे, हे त्याचे काम. आम्ही व्यवस्थापकांना बोलावण्याची विनंती केली. ते आले. आम्ही नमस्कार करून एवढेच विचारले की, ओल्या वाळूवर दोर बांधण्याचा जो काही परवाना असेल तो दाखवावा. परवाना नव्हता. ते म्हणाले, पाहुण्यांना त्रास होतो. आम्ही म्हणालो, आम्ही त्यांच्या खुर्च्यांकडे पाहणारही नाही, पाण्याच्या कडेने पलीकडच्या खडकांपर्यंत जाऊन परत येऊ. थोडा वेळ गेला, पण दोर खाली झाला आणि साठ माणसे ओल्या वाळूवरून चालत पुढे गेली. आरामखुर्चीतल्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने आमच्या मुलांना हात करून दाखविला. त्याला बिचाऱ्याला काही त्रास झाल्याचे दिसले नाही. परतताना मात्र बस ज्या वाटेला उभी होती त्या वाटेचे फाटक बंद झालेले आढळले, आणि सर्वांना मोठा वळसा पडला.

दोर हलवता येतो, फाटक हलत नाही. त्यासाठी न्यायालयात जावे लागते. असा एक खटला आपल्या शेजारी गोव्यात झाला, आणि तो सर्वांनी माहीत करून घ्यावा इतका महत्त्वाचा आहे. पणजीजवळ दोनापावल येथे वायंगिणी नावाचा एक लहानसा, फार सुंदर किनारा आहे. तेथे ‘सिदाद-द-गोवा’ हे पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. त्याचा आराखडा चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या थोर वास्तुविशारदाचा आहे. या हॉटेलच्या कंपनीसाठी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन संपादन करून दिली. सार्वजनिक कामासाठी म्हणून जमीन घ्यावयाची आणि ती कंपनीला द्यावयाची, हा प्रकार आपल्याकडच्या धरणग्रस्तांनाही नवा नाही. पण त्यावेळी, १९८३ साली, सरकार आणि कंपनी यांच्यात जो करार झाला त्यात एक अट घातलेली होती : लोकांची किनाऱ्यावर जाण्याची वाट अडवू नये. पुढे हॉटेलचा विस्तार झाला आणि वाटेचा तंटा उभा राहिला. नागरिक उच्च न्यायालयात गेले. २००० साली उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २० जानेवारी २००९ रोजी न्या. बी. एन. अग्रवाल आणि न्या. जी. एस. सिंघवी यांनी अपील फेटाळले आणि वाटेच्या जमिनीवरील वाढीव बांधकाम पाडण्याचा आदेश दिला.

त्या निकालामागचे तत्त्व असे : हवा, समुद्र, नद्या, जंगले या गोष्टींचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव सांभाळता येते, ती एखाद्याच्या खाजगी लाभासाठी देऊन टाकता येत नाही. हा विचार फार जुना आहे. सहाव्या शतकात रोमचा सम्राट जस्टिनियन याने जी कायद्याची पुस्तके करवून घेतली, त्यांत हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या निसर्गतः सर्वांच्या गोष्टी होत असे नमूद आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९९६ च्या डिसेंबरात बियास नदीच्या एका खटल्यात स्पष्टपणे मांडले. तेथे मनालीजवळच्या एका मोटेलने आपली जमीन वाचविण्यासाठी नदीचा प्रवाहच वळविण्याचा उद्योग केला होता. आणि कायद्याची पुस्तके बाजूला ठेवली तरी १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर आणि वडाळ्याला जी सामान्य माणसे लाठ्या खात मीठ उचलीत होती, त्यांच्या मनात हाच विचार नव्हता काय?

असो. वायंगिणीची हकीकत येथे संपली असती तर आम्ही ती मोठ्या आनंदाने सांगितली असती. परंतु निकालानंतर काही महिन्यांतच गोवा सरकारने भूसंपादन कायद्यातच दुरुस्ती केली, तीही मागील तारखेपासून लागू होईल अशी. बांधकाम वाचले. दुरुस्तीला आव्हान दिले गेले, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. एका हॉटेलसाठी विधानसभेने कायदा बदलावा, याचे आम्हांला आश्चर्य वाटले नाही. कामगार कायद्यांच्या बाबतीत आम्ही ते पुष्कळ पाहिले आहे. परंतु २००९ च्या निकालाचे तत्त्व पुसले गेलेले नाही. देशात कोठेही किनाऱ्याची, तळ्याची वा नदीची वाट अडली तर वकील आजही त्याच निकालाचा आधार घेतात. आणि हा तंटा केवळ आपल्याच देशात आहे असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात एका कोट्यधीशाने समुद्रकाठची जमीन घेऊन तेथे जाण्याचे फाटक लावून टाकले. खालची न्यायालये त्याच्या विरुद्ध गेली आणि २०१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचे प्रकरण ऐकावयासच नकार दिला.

आता हॉटेलच्या आत डोकावू. जाणाऱ्या-येणाऱ्याला एक गोष्ट विलक्षण वाटते. समोर एवढा समुद्र पसरलेला असता त्यापासून पन्नास पावलांवर पोहण्याचा तलाव बांधलेला असतो, आणि पाहुणे बहुतेक त्यातच डुंबत असतात. समुद्र पाहावयाचा, तलावात पोहावयाचे! याला काही कारणेही आहेत. खाऱ्या पाण्याने अंग चिकट होते, लाटांची भीती वाटते, पावसाळ्याचे चार महिने तर आपला समुद्र अंघोळीच्या कामाचा नसतोच. मुंबईच्या जुहूसारख्या किनाऱ्यावर सांडपाण्यामुळे शहाणा मनुष्य पाण्यात बुडी मारीत नाही. पण तलावाला पाणी गोडे लागते. साधा हिशेब करू. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा मध्यम तलाव घेतला तर त्यात ३७५ घनमीटर, म्हणजे पावणेचार लाख लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे सदतीस-अडतीस टँकर झाले. ते रोज बदलत नाहीत, गाळून पुन्हा वापरतात, हे खरे. पण उन्हाने उडून जाते, गाळण्या धुताना जाते, आणि ते भरावेच लागते.

हे शहापुरात बोलताना जीभ जरा अडखळते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी तानसा, भातसा, मध्य वैतरणा आणि मोडक सागर हे चार शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या कडेला आहेत. तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. आज शहराच्या रोजच्या पाण्यापैकी सुमारे निम्मे एकट्या भातसेचे असते. मुंबईच्या नळाच्या पाण्याने भरलेल्या प्रत्येक तलावात, मग तो पालिकेचा असो की हॉटेलचा, आपल्या डोंगरांचा पाऊस आहे. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बाया टँकरची वाट पाहत हंडे रांगेला लावतात. आमचा पोहण्याला विरोध नाही. दादरच्या महात्मा गांधी स्मारक तलावात गिरणी कामगारांची मुले पोहावयास शिकली तर आम्हांला त्याचा आनंदच आहे. सार्वजनिक तलावात एका पाण्यात हजारो मुले शिकतात. खाजगी तलावात त्याच पाण्यात चाळीस पाहुणे भिजतात. पाण्याच्या वाटणीचा प्रश्न निघाला म्हणजे हा फरक ध्यानात घ्यावा, एवढेच.

कोणी म्हणेल, गरिबाला समुद्रस्नानाची चैन कशाला हवी? वस्तुतः ही चैन केव्हापासून झाली ते पाहिले पाहिजे. अठराव्या शतकात इंग्लंडातील डॉक्टरांनी समुद्रस्नान हे औषध म्हणून सांगावयास आरंभ केला, श्रीमंत लोक ब्रायटनला जाऊ लागले आणि किनाऱ्याला भाव आला. कामगार तेथे पोचला तो पुष्कळ उशिरा. फ्रान्समध्ये १९३६ च्या मे-जून महिन्यांत लाखो कामगारांनी संप करून कारखाने ताब्यात घेतले, आणि २० जूनच्या कायद्याने त्यांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. रेल्वेने सवलतीची तिकिटे काढली. त्या उन्हाळ्यात पुष्कळ फ्रेंच कामगारांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली; परंतु कंत्राटी कामगाराच्या हाती ती किती पडली, हे त्यालाच विचारावे.

शेवटी पोहण्याविषयी. हा भाग आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगणार आहोत, कारण सहलीचे दुःखात रूपांतर झालेले आपण वर्तमानपत्रांत दरवर्षी वाचतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी एकाच दिवशी बुडाले. आपल्याकडची मुले विहिरीत नाहीतर काळूच्या डोहात पोहावयास शिकतात. पाठीला वाळका भोपळा बांधून बापाने विहिरीत ढकलले आणि आठ दिवसांत पोहणे आले, अशी आमच्या पिढीची रीत. विहिरीत उतरलेला मनुष्य समजतो की आपणांस पाणी कळले. पण विहिरीचे पाणी उभे असते, समुद्राचे चालते. खाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असल्याने अंग थोडे अधिक तरंगते, आणि यामुळेच नवखा मनुष्य फसतो. त्याला वाटते आपण फार चांगले पोहत आहोत, आणि तोवर तो खोल गेलेला असतो.

भरती-ओहोटीची वेळ काढण्याची आपल्या कोळी बांधवांची एक जुनी रीत आहे. तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. जो आकडा येईल त्या सुमारास मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर छापील कोष्टके मिळतात, पण सहलीचा दिवस ठरविण्यास एवढे पुरे. आता याचा उपयोग पाहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सहल नेली तर बाराच्या सुमारास समुद्र तुडुंब भरलेला असतो. मंडळी जेवतात, दोन वाजता पाण्यात उतरतात, आणि नेमकी तीच वेळ उधाणाचे पाणी जोराने मागे ओढले जाण्याची असते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमारास, पाण्याची चढउतार थोडी असते आणि ओढही कमी असते. आमच्या संघटनेची सहल पंचांग पाहून निघते, याची काही पुरोगामी मित्र थट्टा करतात, त्यांनी करावी.

दुसरी गोष्ट ओढीची. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जावयास वाट शोधते, आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधील खोलगट पन्हळातून जोराने आत जाते. वरून पाहिले तर दोन्ही बाजूंस लाटा पांढऱ्या फेसाने फुटत असतात आणि मधला एक पट्टा शांत, जरा गडद दिसतो. नवखा मनुष्य तोच पट्टा सुरक्षित समजून उतरतो. तो ओढीचा मार्ग असतो. तीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, कारण चांगला पोहणाराही त्या पाण्याशी जिंकत नाही. दम संपतो आणि मनुष्य बुडतो. किनाऱ्याला समांतर असे आडवे पोहावे. हा पट्टा बहुधा फार रुंद नसतो. त्यातून बाहेर पडल्यावर फुटणाऱ्या लाटाच माणसाला किनाऱ्याकडे आणतात. आडवे जाण्याचीही शक्ती नसेल तर उताणे तरंगत राहावे आणि हात वर करावा. ओढ माणसाला आत नेते, खाली खेचीत नाही. जवळ उभे असलेल्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. दोर, रिकामा प्लॅस्टिकचा डबा, गाडीच्या चाकाची फुगवलेली ट्यूब, जे हाताला लागेल ते फेकावे. एकामागून एक वाचवावयास गेलेली भावंडे बुडाल्याच्या हकीकती आपल्याकडच्या धरणांवरही घडल्या आहेत.

हॉटेलच्या तलावाशी शिट्टी घेतलेला जीवरक्षक बसलेला असतो, कारण पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी हॉटेलवर असते. त्याच हॉटेलच्या समोरच्या सार्वजनिक वाळूवर, जेथे एसटीने आलेली माणसे उतरतात, तेथे तो पुष्कळदा नसतो. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची यंत्रणा ठेवली आहे. सकाळी ते येतात, पाणी पाहतात आणि कोठे उतरावे, कोठे उतरू नये याची निशाणे लावतात. लाल निशाण असेल तेथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नये. आपल्या कोकणात जेथे असा मनुष्य नसेल, तेथे उतरण्यापूर्वी जाळी सांधीत बसलेल्या एखाद्या कोळ्याला किंवा कोळणीला विचारावे. पाणी आज कोणीकडे ओढते आहे आणि गावाची जुनी वाट कोठून जाते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे असतात.